जपणूक

इंदूरचे महाराज दुसरे यशवंतराव होळकर यांच्यासाठी १९३० च्या दशकात ड्यूसेनबर्ग एसजे ही अमेरिकन मोटार घडविली गेली : आठ सिलिंडर, सुपरचार्जर, ३२० अश्वशक्ती. आमचे एक इंदूरवासी स्नेही तिचे वर्णन करताना थकत नसत. स्वतःची जुनी, दोन आसनांची स्पोर्ट्स मोटार मृत्यूपूर्वी त्यांनी आमच्या हवाली केली. उज्जैनला फ्रीगंजात आम्ही ती नऊ वर्षे झाकून ठेवली. यालाच आम्ही जपणे समजत होतो.

परवा मिस्त्रींनी बॉनेट उघडले. पेट्रोल वाळून कार्बोरेटरच्या बारीक छिद्रांत डिंकासारखे चिकटले होते. ब्रेकच्या तेलाने हवेतील ओल शोषली होती. आतील दट्ट्ये गंजून अडकले होते. रबरी नळ्यांना तडे गेले होते, रेडिएटरात क्षार साचले होते.

"मास्टरसाहेब, असे वेगवान इंजिन फार तापते. तशीच हाकली असतीत, तर हेड गॅस्केट गेले असते. पण ही धावून नव्हे, उभी राहून बिघडली."

आम्ही खजील झालो. मित्राने मोटार दिली होती ती चालविण्यासाठी. आम्ही तिची समाधी बांधली. दुरुस्तीनंतर देवास रस्त्यावरील पहिली फेरी त्यांच्या नातवाने मारावी, असे आम्ही ठरविले आहे.