वर सांगितल्याप्रमाणे

सॉफ्टवेअर वापरताना पडद्यावर उघडणारी ‘मदत’ लिहिणे हा माझा व्यवसाय. साहित्याच्या अभ्यासामुळे मला सलग, ओघवत्या गद्याची सवय. येथे मात्र सुटे घटक लिहावे लागतात. आयबीएममध्ये विकसित झालेली आणि २००५ मध्ये ओएसिस या संस्थेने मानक म्हणून स्वीकारलेली ‘डिटा’ ही पद्धती घटकांचे तीन मूलभूत प्रकार मानते : संकल्पना, कृती आणि संदर्भ. ‘पासवर्ड कसा बदलावा’ या कृतीत केवळ पायऱ्या येतात. पासवर्ड का हवा, याचे विवेचन दुसऱ्या घटकात. ‘वर सांगितल्याप्रमाणे’ हे शब्द मला वर्ज्य आहेत. कारण तोच घटक उद्या दुसऱ्या पुस्तिकेत, वेगळ्या क्रमाने येतो.

या शिस्तीत माझी शैली उरत नाही, याची खंत वाटते. परंतु माझा वाचक अडलेला असतो. तो प्रारंभापासून वाचत नाही. शोध घेत थेट मध्येच उतरतो. आपल्या काव्यपरंपरेतील मुक्तकही पूर्वापर संदर्भावाचून पूर्ण असते. मात्र मुक्तक रसिक मनात जपतो. माझा घटक वाचकाने काम होताच विसरावा, यातच त्याचे साफल्य आहे.