सात वर्षं कुलूप

आमचा वाडा पुण्यात शनिवार पेठेत होता. पाच बिऱ्हाडं, आणि त्यातलं सगळ्यात मोठं भाडं महिना बावीस रुपये. पावसाळ्याआधी कौलं चाळायला वर्षभराच्या भाड्याहून जास्त पैसे लागायचे, ते अण्णा, म्हणजे माझे वडील, पगारातून घालायचे. "भाडेकरू ठेवला म्हणजे घर दिलं," असं ते म्हणायचे. हे मी इतक्या वेळा ऐकलं की कधी तपासून पाहिलं नाही.

अण्णांची भीती खोटी नव्हती. १९४७च्या कायद्याने जुनी भाडी १९४०च्या पातळीवर बांधून टाकली होती. त्यातून सुटण्यासाठी लोक भाडेकरार टाळून लिव्ह अँड लायसन्स करू लागले, तर १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू लायसन्सवर घरात असलेल्यांना कायद्यानेच भाडेकरू करून टाकलं. अकरा महिन्यांसाठी आलेला माणूस कायमचा झाला. ज्या घरांनी हे सोसलं, त्यांच्या मुलांच्या मनात ते खोल रुतून बसलं.

म्हणून २००९ साली वारज्याला वन बीएचके घेतला आणि त्याला कुलूप लावलं. अठरा लाखांचं कर्ज, महिना जवळजवळ सतरा हजार हप्ता, वर मेंटेनन्स आणि घरपट्टी. कुणी भाड्याने मागितला की मी सांगायचो, "मुलीसाठी ठेवलाय." मुलगी तेव्हा सातवीत होती. याला मी सावधपणा म्हणत होतो.

२०१६च्या ऑगस्टमध्ये सोसायटीतून फोन आला. फ्लशच्या टाकीचा वॉशर गेला होता आणि पाणी महिनोन्‌महिने जमिनीत मुरत होतं. दार उघडलं तर कुबट वास अंगावर आला. स्वयंपाकघरातल्या कपाटाला वाळवी, भिंतीला पोपडे. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी मला त्यांच्या घरात नेलं. त्यांच्या मुलाचा पलंग त्यांनी खोलीच्या मधोमध ओढला होता, कारण भिंतीकडेला छत ठिबकत होतं. त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "काका, वर माणूस राहत असता तर पहिल्याच दिवशी कळलं असतं."

त्या रात्री मी हिशेब मांडला. नऊ हजारांनी धरलं तरी सात वर्षांचं साडेसात लाख भाडं बुडालं होतं. २०११च्या जनगणनेत देशाच्या शहरांमध्ये एक कोटीहून अधिक घरं रिकामी नोंदली गेली. त्यांत माझं एक होतं, आणि याच शहरात माणसं कॉट बेसिसवर राहत होती.

मग मी वकिलांकडे गेलो आणि जे सात वर्षांपूर्वीच समजून घ्यायला हवं होतं ते समजून घेतलं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९चा, लागू झाला ३१ मार्च २००० पासून. त्याचं कलम २४ सांगतं की लायसन्सची मुदत संपली आणि माणूस निघाला नाही, तर घरमालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून ताबा मिळवू शकतो. शिवाय जास्तीच्या काळाची दुप्पट दराने भरपाई. कलम ५५ सांगतं की करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची. नोंदणी केली नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरू सांगेल ते धरलं जातं. खोडून काढायचं तर पुरावा आपण द्यायचा. अकरा महिन्यांचा करार नोटरी केला की झालं, असं सांगणारे एजंट अजूनही भेटतात. महाराष्ट्रात तेवढ्याने भागत नाही.

माझा पहिला करार २४ महिन्यांचा, भाडं १२ हजार, डिपॉझिट ४० हजार. मुद्रांक शुल्क भरलं ७४० रुपये, नोंदणी फी १ हजार. ज्या भीतीपायी मी साडेसात लाख घालवले, तिच्यावरचा इलाज १,७४० रुपयांचा होता.

नव्याने घर घेणाऱ्यांना मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण इथे उलटी चूक होते. भाड्यातून हप्ता निघेल या आशेवर दुसरं घर घेऊ नका. माझे वर्षाचे १ लाख ४४ हजार. त्यातून मेंटेनन्स, घरपट्टी, रिकामा जाणारा एखादा महिना आणि दुरुस्ती वजा केली की लाखभर उरत होते. घराची किंमत तेव्हा ४५ लाख. म्हणजे सव्वादोन टक्के, आणि कर्जाचा दर साडेनऊच्या आसपास. घर भाड्याने दिलं की सोसायटी नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस लावते, पण ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त असू शकत नाहीत. जास्त मागितले तर सरकारचा २००१चा आदेश दाखवा.

पण माझं मत पुरतं बदललं ते दोन वर्षांनी. लातूरकडची एक नर्स आणि तिचा कॉलेजात शिकणारा भाऊ राहत होते. एकदाही भाडं पाच तारखेच्या पुढे गेलं नाही. सोडताना बेडरूमच्या भिंतीवर ओलीचा डाग दिसला आणि मी डिपॉझिटमधून बारा हजार कापले. ती वाद घालत बसली नाही. मोबाइल पुढे केला. राहायला आल्याच दिवशी तिने प्रत्येक भिंतीचा फोटो काढून ठेवला होता, आणि तो डाग त्यात होता. माझ्याच बंद घराची ती ओल होती.

मी दुसऱ्या दिवशी तिचे पैसे परत केले आणि माफी मागितली. सात वर्षं भाडेकरूपासून घर कसं वाचवायचं एवढाच विचार मी केला होता. घरमालकापासून स्वतःला वाचवण्याची गरज भाडेकरूलाही असते, हे तोवर माझ्या मनात आलं नव्हतं. आता किल्ली देताना आम्ही दोघं मिळून खोल्या फिरतो, डाग, नळ, खिळे सगळं लिहितो, फोटो काढतो, आणि दोघांच्या सह्या होतात.

तुमचंही एखादं घर कुलपात असेल, तर या रविवारी जाऊन खिडक्या उघडा. आणि परतताना खालच्या मजल्यावरची बेल वाजवून विचारा, छत कोरडं आहे का.