हजेरी

मनुष्याचे नाव आयुष्यात पुष्कळ वेळा पुकारले जाते, परंतु ते दर वेळी त्याच्याच काळजीपोटी पुकारले जाते असे नाही. शाळेतली हजेरी आमच्या धाकासाठी आणि शाळेच्या अनुदानासाठी असे. पुढे महसूल खात्यात अव्वल कारकून म्हणून ज्या मस्टरवर मी निवृत्त होईपर्यंत सही करीत राहिलो, ते पगारबिलाच्या हिशेबासाठी ठेवलेले होते, आणि गैरहजर मनुष्याविषयी त्याला एवढेच कुतूहल असे की त्याची रजा मंजूर आहे की बिनपगारी. या दोन हजेऱ्यांच्या मधल्या वयात मी एक तिसरी हजेरी पाहिली. तरुणांच्या मनःस्वास्थ्याविषयी आज जी विद्वत्तापूर्ण चर्चा चालते ती ऐकताना मला ग्रंथांपेक्षा तिचेच स्मरण अधिक होते.

राष्ट्र सेवा दल 1941 साली उभे राहिले; एस. एम. जोशी त्याचे पहिले दलप्रमुख, आणि साने गुरुजींच्या मायेची छाया त्यावर त्यांच्या अखेरपर्यंत होती. दलाच्या ज्या उन्हाळी शिबिरात मी ती तिसरी हजेरी पाहिली ते कोकणातल्या एका शाळेत भरले होते. पहाटेची शिट्टी, झेंडावंदन, श्रमदान, दुपारी बौद्धिक, संध्याकाळी खेळ आणि समूहगीते असा दिवस सरला, की वर्गातली बाके भिंतीला लावून सतरंज्या अंथरल्या जात आणि गटनायक कंदील घेऊन आपल्या गटाची मोजणी करी. आमच्या गटात त्या वर्षी आई गेलेला एक मुलगा होता. तो कोणाशी बोलत नसे, जेवताना ताटाकडे पाहत बसे. आणि एके रात्री मोजणी एकाने कमी भरली. त्या वेळी आमचा गटनायक, जो स्वतः अकरावीचा विद्यार्थी होता आणि ज्याने मानसशास्त्राचे एक पानही वाचलेले नसावे, त्याने आरडाओरडा केला नाही, शिबिरप्रमुखांकडे वर्दी दिली नाही. कंदील खाली ठेवून तो शाळेच्या मागल्या पायऱ्यांवर गेला आणि तिथे बसलेल्या त्या मुलाशेजारी, एक शब्दही न विचारता, बराच वेळ बसून राहिला. दुसऱ्या दिवशी त्या मुलाला मुदपाकखान्यात पाणी भरण्याचे काम मिळाले. पुढे तो खुलला, गाऊ लागला, असे लिहिण्याचा मोह होतो. परंतु तो फारसा बोलू लागला नाहीच. मात्र जेवू लागला. पाणी त्याने भरल्याखेरीज चूल पेटत नसे, आणि ही गोष्ट त्याला ठाऊक झाली होती.

महाविद्यालयात असताना मी सोमनाथला गेलो. चंद्रपूर जिल्ह्यात मूलजवळच्या त्या जंगलाच्या जमिनीवर बाबा आमटे यांनी 1967 पासून उन्हाळ्यात तरुणांच्या श्रमसंस्कार छावण्या भरवण्यास आरंभ केला होता. विदर्भातला मे महिना म्हणजे काय हे कोकणातल्या माणसाला सांगून समजत नाही. म्हणून मातीकाम सकाळीच उरकून घ्यावे लागे. दुपारी पाठीच्या व्याधीमुळे बसू न शकणारे बाबा पडून किंवा उभ्याने बोलत, आणि बांधावर आमच्याबरोबर टोपल्या उचलणाऱ्यांत कुष्ठरोगातून बरी झालेली, बोटे झडलेली माणसे असत. नोकरीची धास्ती, घरची भांडणे, परीक्षेतले अपयश अशी आपापली ओझी घेऊन आम्ही आलो होतो. आमची दुःखे त्यांच्या तुलनेत क्षुद्र आहेत असे तिथे कोणीही आम्हांला सुनावले नाही. सुनावले असते तर ती अधिकच चिघळली असती. केवळ त्या माणसांच्या हातून टोपली घ्यावयाची आणि पुढच्याला द्यावयाची, एवढेच होते. त्या साखळीत एकजण जरी बाजूला सरला तरी माती अडून राही, आणि ताबडतोब हाक येई.

छावणीने मनाचे रोग बरे होतात असा माझा मुळीच दावा नाही. ज्याला वैद्याची आवश्यकता आहे त्याला वैद्याकडेच नेले पाहिजे. 2022 पासून टेली-मानस या सरकारी सेवेच्या 14416 या क्रमांकावर विनामूल्य समुपदेशन मिळते, तो क्रमांक घरातल्या मुलांना पाठ असावा. शिवाय सगळीच शिबिरे चांगली नसतात. लाजाळू मुलाला बळेच गाणे म्हणावयास उभे करणारी शिबिरेही मी पाहिली आहेत, आणि तिथून परतलेली मुले अधिकच मिटलेली दिसली.

1993 च्या अनंत चतुर्दशीनंतरच्या पहाटे लातूर जिल्ह्यात किल्लारीचा भूकंप झाला आणि आम्हां महसूलवाल्यांना पंचनाम्यांसाठी तिकडे रवाना केले गेले. मृतांच्या याद्या करणे हेही एक प्रकारे हजेरी घेणेच होते. त्याविषयी मी अधिक लिहीत नाही. पण पत्र्याच्या शेडखाली एक शिक्षक वाचलेली मुले रोज जमवीत, त्यांची नावे पुकारीत आणि त्यांच्याकडून दगड वेचून अंगण करवून घेत, हे मी पाहिले. भारतीय जैन संघटनेने सुमारे 1200 मुलांना शिक्षणासाठी पुण्याला नेले, तेव्हा ती एकट्या-दुकट्याने नव्हे तर एकत्र गेली, यातले शहाणपण मला त्या शेडमुळे कळले.

त्याच लातूर जिल्ह्यात आज माझ्या पुतणीचा मुलगा वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या शिकवणीसाठी राहतो. दाराशी यंत्रावर अंगठा ठेवला की त्याच्या उपस्थितीची वर्दी क्षणार्धात पुतणीच्या मोबाईलवर येते. अशी बिनचूक हजेरी आमच्या कचेरीला कधी साधली नाही. परंतु मधल्या काळात तो पोरगा रात्री जेवत नव्हता, हे यंत्राला कळले नाही आणि खोलीतल्या सोबत्यालाही नाही, कारण दोघांच्या तुकड्या निराळ्या आणि वेळा निराळ्या. ते मेसवाल्या मावशींना कळले. त्यांनी डबा परत आलेला पाहिला आणि जिना चढून वर गेल्या.

मनाचे सुमारे एक तृतीयांश विकार वयाच्या चौदाव्या वर्षापूर्वीच सुरू होतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्या वयाची मुले मे महिन्यात घरी असतात आणि त्याच महिन्यात गावोगावच्या जिल्हा परिषदेच्या शाळा कुलूपबंद असतात. तिथे मुलांचे शिबिर भरवायला खर्चाची सबब फारशी टिकणारी नाही. सतरंज्या गावातच असतात, श्रमदानाला जागा कमी नाही, आणि दहा-बारा मुलांमागे एक जाणता गटनायक गावातल्या महाविद्यालयीन मुलांतून सहज मिळतो. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत बहुमत पालकांचे असते. आपण त्या समितीवर असाल तर एप्रिलच्या बैठकीत शाळेची इमारत आठवडाभर मुलांच्या शिबिराला देण्याचा ठराव मांडावा, आणि नसाल तर अध्यक्षांकडे तसा लेखी अर्ज करावा, एवढी विनंती.