पाऊण टनाचा हिशेब

जुनी मालवाहू गाडी विकत घेण्यापूर्वी लोक ती मला दाखवायला आणतात, याचे सेमिनरीतील माझ्या सोबत्यांना फार हसू येते. पण त्याला कारण आहे. माझे वडील टेम्पोचालक होते. १९८४ साली त्यांनी एक वापरलेली मॅटॅडोर घेतली आणि तिच्यावर आमचे सहा माणसांचे घर चालवले. ती आकुर्डीच्या बजाज टेम्पो कारखान्यातली होती. त्या कंपनीला २००५ पासून फोर्स मोटर्स म्हणतात. ‘टेम्पो’ हे मुळात एका जर्मन वाहनाचे नाव. आपल्याकडे मात्र चार पोती वाहणारी कोणतीही गाडी टेम्पोच होऊन बसली. वडिलांच्या हाताखाली पाने देता देता मी काही गोष्टी शिकलो. निळा धूर म्हणजे इंजिन ऑईल खाते आहे, काळा धूर म्हणजे डिझेल नीट जळत नाही, आणि इंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल तर पाणी आत शिरते आहे. लॅटिनची रूपे मी पुढे विसरलो. हे विसरलो नाही.

आंबेगाव तालुक्यातील पारगावात आमची मोजकीच कुटुंबे आहेत. (जुन्नर तालुक्यातही एक पारगाव आहे, पारगाव तर्फे आळे. मी म्हणतो ते घोड नदीच्या अंगाचे, भीमाशंकर साखर कारखान्याचे.) महिन्यातून एकदा मी तेथे मिस्सेला जातो. जुलै २०२३ मध्ये त्यांतील एका घरचा तरुण माझ्याकडे आला. त्या महिन्यात नारायणगावच्या बाजारात वीस किलोच्या टोमॅटोच्या क्रेटला दोन हजार रुपयांहून अधिक भाव मिळत होता. दोन एकरांचा धनीही त्या दिवसांत मोठी स्वप्ने पाहत होता. या मुलाने एक जुनी मालवाहू गाडी पाहून ठेवली होती. किंमत एक लाख साठ हजार. आईचे दागिने पतसंस्थेत ठेवायचे ठरले होते. “फादर, तुम्ही एकदा बघा. तुम्ही हो म्हणालात की आई हो म्हणेल.”

२००५ साली टाटांची एस बाजारात आली, लोकांनी तिला ‘छोटा हत्ती’ म्हटले, आणि पाऊण टन वजन नेणाऱ्या अशा छोट्या चारचाकी गाड्या खेडोपाडी दिसू लागल्या. तशाच जातीची ही एक. कंपनीचे नाव येथे महत्त्वाचे नाही. दोष तिचा नव्हताच. विकणारा गाडी चालवत माझ्या अंगणात घेऊन आला. मी चाव्यांचा जुडगा ठेवला, झग्याच्या बाह्या वर केल्या, सीट उचलून इंजिन पाहिले. स्वच्छ धुतलेले. धूर नाही. कागद चोख होते; कर्जाचा बोजा उतरवल्याची नोंदही होती. मी खाली वाकून पाट्यांवर हात फिरवला, दोन शब्द तांत्रिक बोललो. भोवती पाच-सहा जण कौतुकाने पाहत होते. संध्याकाळच्या मिस्सेची वेळ झाली होती. मी म्हणालो, “घे. गाडी चांगली आहे.”

माझे वडील एक गोष्ट नेहमी सांगत : जुनी गाडी पाहायची ती पहाटे, थंड असताना, तिच्या मालकाच्या दारात जाऊन. थंड इंजिनच खरे बोलते. सेल्फ किती वेळ फिरतो, पहिला धूर कोणता येतो, रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग आहे का, हे सारे तेव्हाच कळते. तापलेल्या इंजिनाचे तर झाकणही उघडता येत नाही. ही गाडी माझ्याकडे तापूनच आली होती. हे मला त्या क्षणी जाणवले होते, आणि तरीही मी हो म्हणालो.

ऑगस्टच्या अखेरीस पुण्याच्या मार्केट यार्डाला निघालेली ती गाडी अवसरी घाटात बंद पडली. हेडचे गॅस्केट उडाले होते. मंचरच्या गॅरेजमध्ये उघडले तेव्हा हेड वाकलेले आणि पूर्वी एकदा घासलेले निघाले. खर्च चोवीस हजार. त्यानंतर क्लचप्लेट. मग पुढचे टायर आतल्या कडेने झिजलेले दिसले आणि किंगपिन गेल्याचे कळले. तोवर टोमॅटोचा भाव कोसळला होता. तोडणीची मजुरी सुटेना.

मी त्यांच्या घरी गेलो. माझी चूक झाली, असे त्याच्या आईला सांगितले. त्या चुलीपुढून उठल्या नाहीत. म्हणाल्या, “फादर, तुम्ही सांगितलं म्हणून घेतली, असं मी कुणाला बोलले नाही.” चाळीस वर्षांत ऐकलेल्या कोणत्याही प्रवचनापेक्षा ते वाक्य मला जास्त लागले. त्यांच्या गळ्यात काळ्या पोतीशिवाय काही नव्हते.

गाडी विकावी, असे मला वाटत होते. पण उघडलेल्या गाडीला कोण भाव देणार? मग आम्ही दोघांनी शंभर पानी वही घेतली. आठवड्याला पुण्याच्या दोन खेपा, म्हणजे महिन्याला सुमारे बाराशे किलोमीटर. लिटरला चौदा धरले तरी डिझेलचेच आठ हजारांच्या आसपास. विम्याचा तृतीय पक्षाचा दर २०२२ पासून वर्षाला १६,०४९ रुपये, वर कर. तीन टनांखालील गाडीला परमिट लागत नाही, एवढाच दिलासा; पण आठ वर्षांपुढच्या गाडीला योग्यता प्रमाणपत्र दरवर्षी. ऑईल, टायर, पतसंस्थेचे व्याज. हा सारा खर्च त्याने कधी धरलाच नव्हता. डिझेल वजा करून उरेल ती कमाई, असे तो समजत होता.

आणि एका पानावर खरा आजार सापडला. पाऊण टन म्हणजे वीस किलोचे सदतीस क्रेट. तो साठ भरत होता. “भाव पडलाय फादर, जास्त नेल्याशिवाय परवडत नाही.” शेजाऱ्यांचा माल तो मर्जी राखण्यासाठी कमी भाड्यात नेत होता, म्हणजे खोटही तोच उचलत होता आणि घाटात गाडीही तोच तापवत होता. आधीच्या मालकानेही हेच केले असणार. माझ्या वडिलांनीही केले. आमच्या मॅटॅडोरचा पाटा दर पावसाळ्यात तुटे, आणि त्या महिन्यात माझ्या बहिणीची शाळेची फी राहून जाई. त्या वेळी मी पाटा धरून उभा असे. क्रेट किंवा पोती कधी मोजली नव्हती.

त्याने भाडे वाढवले. दोन घरांनी त्याचे नाव सोडले, बाकीची राहिली. सदतीसच्या वर क्रेट चढवायचा नाही, हे त्याने तीन महिने पाळले, मग एकदा मोडले आणि वहीत स्वतःच लिहून ठेवले. दागिन्यांपैकी एक मोहनमाळ गेल्या नाताळापूर्वी सुटली. पाटल्या अजून पतसंस्थेतच आहेत.

मागच्या महिन्यात शिंगव्याचा एक गृहस्थ असाच टेम्पो घेऊन अंगणात आला. “फादर, जरा बघता का?” मी बाहेर येऊन बोनेटवर हात ठेवला. गरम होते. मी त्याला चहा दिला आणि मालकाचा पत्ता विचारून घेतला. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला आम्ही तिघे त्याच्या दारात उभे होतो. पारगावचा मुलगा वही घेऊन आला होता.