आम्ही कोमट माणसं

कोमट पाण्याविषयी मला लहानपणापासून आदर आहे. घसा बसला, कोमट पाणी. पोट बिघडलं, कोमट पाणी. तान्ह्या बाळाला अंघोळीला कोमट पाणी आणि त्याच्या आजोबांना सकाळी उठल्याउठल्या प्यायलाही कोमट पाणीच. आमच्या बँकेतले निम्मे लोक वजन उतरावं म्हणून लिंबू-मध घालून ते पितात. उरलेले निम्मे दुपारी कॅन्टीनचा चहा पितात, म्हणजे मधाऐवजी साखर, एवढाच फरक. इतक्या सर्वमान्य पदार्थाला नावं ठेवणारं एकच ठिकाण माझ्या पाहण्यात आहे, आणि पंचाईत अशी की ते आमचं पवित्र शास्त्र आहे.

बायबलचं शेवटचं पुस्तक प्रकटीकरण. त्यात आजच्या तुर्कस्तानातल्या सात मंडळ्यांना सात पत्रं आहेत. पत्रं कसली, इन्स्पेक्शन रिपोर्टच ते! शाखा सात, शेरे सात. बाकीच्यांना रागावताना कुठे ना कुठे दोन बरे शब्द लिहिले आहेत. सातवी शाखा लावदिकीया. तिच्या वाट्याला कौतुकाचं अक्षर नाही. चोरी नाही, अफरातफर नाही, मूर्तिपूजेचा आरोप नाही. तक्रार एवढीच की तुम्ही धड थंड नाही की धड गरम नाही, कोमट आहात. आणि नको असताना तोंडात आलेल्या कोमट पाण्याचं माणूस जे करतो तेच तुमचं होणार आहे.

बिगर-ख्रिस्ती वाचकांनी एवढ्यात खुशीत येऊ नये. हे खातं प्रत्येक धर्मात उघडलेलं असतं. वारी टीव्हीवर बघून पाय दुखल्यासारखे चोळणारे आणि साबुदाण्याच्या खिचडीपुरती एकादशी धरणारे माझ्याच काउंटरच्या डावी-उजवीकडे बसतात. पण त्यांना ओकून टाकण्याची लेखी धमकी कुणी दिलेली नाही. आम्हाला दिली आहे, एवढाच आमचा मान.

आमचे पाळकसाहेब वर्षातून एकदा तरी या भागावर उपदेश करतात. त्या रविवारी पहिल्या बाकावरच्या मावशींना वाटतं, हे मागच्या बाकांसाठी चाललंय. मागच्या बाकांना वाटतं, हे जे आलेच नाहीत त्यांच्यासाठी. आणि जे आलेच नाहीत ते त्या वेळी मटणाच्या दुकानासमोरच्या रांगेत असतात, त्यांना काहीच वाटत नाही. मी तिसऱ्या बाकावर, खांबाच्या आडोशाला बसतो. शिवाय मी चर्चचा हिशेबनीस. बी. कॉम. आणि बँकेतली नोकरी या दोन गोष्टी एका माणसात आढळल्या की जगातली कुठलीही संस्था त्याच्या हातात पावतीपुस्तक देते. त्यामुळे उपदेश ऐन रंगात येतो तेव्हा माझं लक्ष अर्पणाच्या थैलीकडे असतं. हल्ली तर खांबालाच क्यूआर कोडचा कागद लावला आहे, त्यामुळे सुट्ट्या पैशांची सबबही गेली.

कोमट म्हणजे मधलं, अशी आमच्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. एका टोकाला साधू, दुसऱ्या टोकाला नास्तिक, आणि मध्ये सरासरी काढून बसवलेले आम्ही. मलाही हा हिशेब पटण्यासारखा होता. सरासरीत वाईट काय असतं? सगळा विमा धंदा तिच्यावर चालतो. पण तो पहिल्यांदा बिघडवला माझ्या आजीने. आजी मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात दाई होती. डॉक्टर वानलेस १८८९ साली हिंदुस्थानात आले आणि १८९४ मध्ये मिरजेत त्यांनी हे हॉस्पिटल उभं केलं. त्यांच्या नावाची वानलेसवाडी सांगली-मिरज रस्त्यावर आजही आहे. आजी नोकरीला लागली ती पुष्कळ नंतर, पण तिथली शिस्त तिच्या अंगात शेवटपर्यंत होती. घरात ती आम्हाला कोमट पाण्याच्या गुळण्या करायला लावी. शास्त्रातल्या कोमट पाण्याबद्दल विचारलं की मात्र ती हॉस्पिटलातली होई. “अरे, उकळतं पाणी हत्यारांना लागतं, गार पाणी तापाच्या रोग्याला लागतं. मधेच निवून गेलेलं पाणी कुणाला लागतं? मोरीत ओतायचं.”

पुढे लावदिकीयेबद्दल थोडं वाचलं तेव्हा आजीचं म्हणणं भूगोलातही बसलेलं दिसलं. गावाच्या उत्तरेला हिएरापोलिस. तिथे गरम पाण्याचे झरे; पामुक्कले या नावाने लोक आजही तिथे डुंबायला जातात. पूर्वेला कलस्सै, गार पाण्याचं गाव. लावदिकीयेला स्वतःचं धड पाणी नाही. काही मैलांवरून दगडी नळांनी आणलेलं. त्या नळांत साचलेला चुन्याचा थर उत्खननात आजही दिसतो. हे पाणी निघताना कसंही असो, पोचताना कोमट व्हायचं आणि पिणाऱ्याला मळमळ सुटायची, असं पुष्कळ अभ्यासक म्हणतात. म्हणजे थंडालाही शाबासकी आणि गरमालाही शाबासकी. गरम अंग शेकतं, गार तहान भागवतं. बोलणी खाल्ली ती झऱ्यापासून लांब, नळातून निमूट येणाऱ्या पाण्याने. साधू आणि नास्तिक यांची सरासरी इथे लागूच पडत नाही. माझा एवढा चांगला हिशेब वाया गेला.

पण मला खरा धक्का दुसऱ्याच गोष्टीने बसला. लावदिकीया हे बँकेचं गाव होतं! ख्रिस्तापूर्वी ५१ साली सिसेरो किलिकियाचा गव्हर्नर होऊन निघाला तेव्हा आपल्या हुंडीचे पैसे तो लावदिकीयेत वटवणार होता. काळ्या लोकरीचा व्यापार होता, डोळ्यांच्या औषधाचं नाव होतं. इ. स. ६० मध्ये भूकंपाने गाव पडलं, तेव्हा रोमची मदत न घेता त्यांनी ते स्वतःच्या पैशाने पुन्हा उभं केलं, असं टॅसिटसने लिहून ठेवलं आहे. आपल्याकडे पंचनाम्यात एक भिंत जास्त लिहून घेण्यासाठी तलाठ्याच्या मागे किती हिंडावं लागतं हे ज्याला माहीत आहे, त्याला या गावाच्या श्रीमंतीची कल्पना येईल. आणि पत्रात नेमकं हेच बोट ठेवलंय. तुम्ही म्हणता, आम्ही धनवान, आम्हाला काही कमी नाही. पण तुम्ही कंगाल आहात, आंधळे आहात, उघडे आहात. खरं सोनं, पांढरं कापड आणि डोळ्यांत घालायचं अंजन माझ्याकडून विकत घ्या. बँकवाल्याला सोनं, कापडवाल्याला कापड आणि अंजनवाल्याला अंजन! इतका झोंबरा इन्स्पेक्शन रिपोर्ट मी बावीस वर्षांच्या नोकरीत पाहिला नाही.

तर कोमटपणाचा अर्थ हा. श्रद्धा थोडी असणं नव्हे. “आम्हाला काही कमी नाही” हे वाक्य.

ज्याला हे वाक्य कधीच जमलं नाही असा एक माणूस मला माझ्या बदलीच्या गावी, साताऱ्यात, भेटला. भेटला म्हणजे शंभर वर्षांच्या उशिराने. रेव्हरंड नारायण वामन टिळक. शाळेत ते फुलामुलांचे कवी म्हणून भेटतात आणि आमच्या चर्चमध्ये दर रविवारी, कारण आम्ही गातो त्यातली कितीतरी पदं त्यांचीच. १८९५ साली बाप्तिस्मा घेतला तेव्हा घर, जात आणि काही वर्षं तर बायकोसुद्धा दुरावली. लक्ष्मीबाई १९०० साली ख्रिस्ती झाल्या. तो सगळा संसार ‘स्मृतिचित्रे’मध्ये आहे, आणि त्यातले टिळक कुठल्याही पानावर कोमट सापडत नाहीत. रागावले तर उकळते, माया केली तरी उकळती. हातात आलेला पैसा संध्याकाळपर्यंत टिकला तर नवल. असा खातेदार काउंटरवर आला की आम्ही एकमेकांकडे बघतो.

हे सगळं मी शांतपणे वाचलं. हादरलो ते १९१७ पाशी. त्या साली, वयाच्या छपन्नाव्या वर्षाच्या आसपास, टिळकांनी मिशनची नोकरी सोडली. पगार सोडला! तेही बढती नाकारली, बदली रद्द झाली नाही, साहेब त्रास देतो, अशा कुठल्याही समजण्यासारख्या कारणासाठी नव्हे. ख्रिस्ताचं संन्यासी होऊन राहायचं म्हणून. साताऱ्यात त्यांनी ‘देवाचा दरबार’ काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, जो ख्रिस्ताच्या मागे येईल त्याला तिथे जागा. मिशनच्या पगारावर चालणारा, साहेबी वळणाचा ख्रिस्ती धर्म त्यांना पुरेना. पाणी परदेशी नळाने घरपोच येत होतं. या माणसाला झऱ्यावर जायचं होतं, आणि तोही झरा इथल्याच मातीतला, तुकारामाच्या वाटेवरचा. पुरती दोन वर्षंही मिळाली नाहीत. ९ मे १९१९ रोजी मुंबईत ते गेले, आणि पुढे दरबारही फार काळ राहिला नाही.

मी हे सगळं बायकोला जेवताना सांगितलं. ती भाकरी वाढता वाढता थांबली आणि म्हणाली, “अहो, कौतुक करा, हवं तेवढं करा. पण फ्लॅटचे हप्ते अजून नऊ वर्षं आहेत, तेवढं लक्षात ठेवा.” लक्ष्मीबाईंनीही त्या दिवशी असंच काहीतरी म्हटलं असेल, अशी माझी समजूत आहे.

बँकेत आम्ही कोमटपणासाठी एक शब्द वापरतो: निष्क्रिय खातं. दोन वर्षांहून जास्त काळ खातेदाराने स्वतः काही व्यवहार केला नाही की बचत खातं निष्क्रिय होतं. यात मेख आहे ती ‘स्वतः’ या शब्दात. बँक दर तिमाहीला व्याज जमा करते, तो व्यवहार धरत नाहीत. पासबुकात ओळी वाढत असतात, शिल्लक वाढत असते, खातेदाराला वाटतं आपलं छान चाललंय. तो मात्र आलेलाच नसतो. आजीच्या प्रार्थनेचं व्याज, आईच्या उपासांचं व्याज, नाताळच्या करंज्यांचं व्याज, टिळकांच्या पदांचं व्याज असं माझ्याही खात्यात नियमित जमा होतं. दहा वर्षं झाली की असे पैसे रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात. हा निधी २०१४ साली सुरू झाला. पण बुडत नाहीत हं. खातेदार किंवा त्याचे वारस ओळख पटवून आले की मिळतात. फक्त यायला लागतं.

आता ऑगस्ट २०१९. मी साताऱ्यात, आईपप्पा सांगलीत, मध्ये सव्वाशे किलोमीटर आणि कृष्णा. आमच्या बाजूला कोसळलेला पाऊस आणि कोयनेतून सोडलेलं पाणी त्यांच्या दारात जाणार, हे मला इथे खिडकीत उभं राहून कळत होतं. सांगलीकर एकमेकांना नमस्कार करत नाहीत त्या दिवसांत, “आयर्विनला किती?” एवढंच विचारतात. धोक्याची पातळी पंचेचाळीस फूट. पाणी सत्तावन्नावर गेलं. मी त्या चार रात्री काय प्रार्थना केली ते लिहीत नाही, पण तिच्यात व्याकरण नव्हतं आणि ती कोमट नव्हती. आमच्या चर्चच्या भक्तीत असं कुणी बोललं तर त्याला पाणी नेऊन देतील.

तिकडे आईपप्पा वरच्या मजल्यावर. खालच्या खोलीत घड्याळाशेजारी एक तसबीर होती, बहुतेक ख्रिस्ती घरांत असते ती: हातात कंदील घेऊन प्रभू दार ठोठावतो आहे. मूळ चित्र होल्मन हंट या इंग्रज चित्रकाराचं, १८५० नंतरच्या दोन-चार वर्षांतलं. त्या दाराला बाहेरून कडी नाही. उघडायचं ते आतूनच. हे ठोठावणं म्हणजे बाहेरच्या अविश्वासी जगाला दिलेली हाक, असं मी कितीतरी वर्षं धरून चाललो होतो. पण ते वचन आहे त्याच लावदिकीयेच्या पत्रात. म्हणजे दार चर्चचं, आत मंडळी गात बसलेली, आणि ज्याच्या नावाने गातात तो बाहेर उभा. शाखेचा मालकच शटरबाहेर!

पाणी वाढायला लागलं तेव्हा पप्पांनी ही तसबीर तेवढी उचलून वर नेली. दुसऱ्या दिवशी गल्लीतून एक होडी आली. वरच्या खिडकीवर काठीने ठकठक झाली. तीन-चार पोरं, चिंब भिजलेली. म्हणाली, “काका, चला.” आमचे पप्पा गणिताचे मास्तर, जन्मात कुणाचे चार आणे उसने घेतले नाहीत. त्यांनी खिडकी चार बोटं उघडली आणि सांगितलं, “आम्हाला काही कमी नाही, बाळांनो. तांदूळ आहे, गॅस आहे. तुम्ही पुढे व्हा.” खिडकी लावून घेतली. हे आईने मला फोनवर सांगितलं तेव्हा तिच्या मोबाइलला सहा टक्के चार्ज उरला होता, आणि त्यातले चार तिने पप्पांना बोलण्यात घालवले.

पोरं तिसऱ्या दिवशी पुन्हा आली. या वेळी पाणी वरच्या मजल्याच्या शेवटून दुसऱ्या पायरीवर होतं. खिडकी आईने उघडली. पप्पा तसबीर काखेत मारून होडीत बसले आणि मला त्यांनी कळवलं ते एवढंच की पोरांनी पैसे घेतले नाहीत.

घर आता रंगवून झालं आहे. पाण्याची रेघ तेवढी आई झाकू देत नाही. तसबीर परत खाली लागली आहे आणि तिच्या चौकटीमागे पेन्सिलीने त्या होडीवाल्या पोरांपैकी एकाचा नंबर लिहिलेला आहे. जून लागला की पप्पा चष्मा लावून तसबीर उतरवतात आणि नंबर चालू आहे का बघायला एक फोन करतात. काम काहीच नसतं. मागच्या जूनमध्ये सव्वीस मिनिटं बोलत होते.