बहिऱ्या बाजूचं मोल

हौशी रेडिओवाल्यांत अँटेनाचा विषय निघाला की गाडी लाभावर, म्हणजे गेनवर येते. किती डेसिबल मिळतात, सिग्नल किती लांब जातो, एवढ्यावरच सगळा जोर. या हिशोबात फिरता डायपोल मागे पडतो. ज्याला अनेक दांड्यांचा यागी अँटेना परवडत नाही किंवा ज्याच्या सोसायटीत यागीला परवानगी नाही त्याची ती तडजोड, असं समजून लोक पुढे जातात. मला हे पटत नाही. या अँटेनाची किंमत त्याच्या बहिऱ्या बाजूंवरून ठरवायला हवी, आणि तशी ठरवली तर महाराष्ट्रातल्या हॅमसाठी, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांसाठी, तो बराच वरच्या नंबरावर येतो.

डायपोल म्हणजे मधोमध तोडलेला, एका रेषेतला धातूचा दांडा. त्या तोडलेल्या जागी कोॲक्स केबल जोडायची. लांबी अर्धी तरंगलांबी. मेगाहर्ट्झमधल्या वारंवारितेने 143ला भागलं की ती मीटरमध्ये मिळते. वीस मीटर बँडवर 14.2 मेगाहर्ट्झसाठी उत्तर येतं साधारण 10 मीटर, म्हणजे प्रत्येक भुजा 5 मीटरची. हा दांडा आपल्याशी काटकोनात असलेल्या दोन्ही दिशांना चांगलं बोलतो आणि ऐकतो, टोकांच्या दिशांना मात्र जवळजवळ बहिरा असतो. हा गुण आजचा नाही. कार्ल्सरूहमध्ये 1887-88 साली हाइनरिख हर्ट्झने पहिल्यांदा रेडिओलहरी निर्माण केल्या त्या अशाच डायपोलने, आणि समोरचं तारेचं कडं वळवलं की ठिणगी उमटते किंवा नाहीशी होते हेही त्यानेच पाहिलं. दिशा बदलून पाहणं डायपोलच्या जन्मापासूनचं आहे; तो दोन खांबांना कायमचा बांधून टाकणं ही नंतरची सोय.

आता नकाशा घ्या. पृथ्वीच्या गोलावरून सर्वांत जवळच्या वाटेने पाहिलं तर मुंबईहून लंडन उत्तरेपासून सुमारे 319 अंशांवर आहे, न्यू यॉर्क 333वर. सिडनी 126वर, म्हणजे लंडनच्या जवळपास बरोबर पाठीमागे. डायपोल दोन्ही बाजूंना सारखाच ऐकतो आणि मधल्या रेषेपासून 39 अंश सरकलं तरी शक्ती निम्म्याखाली जात नाही. त्यामुळे एका ठेवणीत युरोप, अमेरिकेचा पूर्व किनारा आणि ऑस्ट्रेलिया सगळे सामावतात. पण त्याच ठेवणीत दांड्याची टोकं कुठे रोखलेली असतात? 49 आणि 229 अंशांवर. टोकियो 59वर आहे, जोहान्सबर्ग 225वर. थोडक्यात, युरोपसाठी लावलेला स्थिर डायपोल जपान आणि दक्षिण आफ्रिका दोघांनाही पाठ नव्हे, टोक दाखवतो. तोच दांडा काटकोनात फिरवा, हे दोन्ही देश समोर येतात. दोन ठेवणींत जगाचा एवढा मोठा भाग मिळणं हे आपल्या जागेचं नशीब आहे. प्रत्येक देशातल्या हॅमला ते लाभत नाही.

यावर यागीवाले म्हणतील, दिशाच हवी तर तीन दांड्यांचा यागी घ्या. तोहोकू विद्यापीठातल्या उदा आणि यागी यांनी 1926च्या सुमारास जगापुढे मांडलेली ही रचना उत्तमच आहे, आणि तिच्या पोटातही डायपोल असतोच. पण तीन दांड्यांचा यागी डायपोलपेक्षा साधारण 5 डेसिबल जास्त देतो; सिग्नलची ताकद दाखवणाऱ्या एस-मीटरवर हे एक एककसुद्धा भरत नाही. उलट, टोकापासून 10 अंशांवर असलेलं टोकियो डायपोल फिरवून समोर आणलं की कागदावर फरक पडतो 17 डेसिबलचा. हे मोकळ्या अवकाशातलं गणित आहे, हे मान्य. लाट आकाशातून तिरकी उतरते, जमीन ती परतवते, त्यामुळे प्रत्यक्षातला फरक घटतो. तो निम्म्यावर आला तरी यागीच्या जादा दांड्यांपेक्षा नुसत्या फिरवण्यातून जास्त मिळालं. पाठीमागचं दाबून टाकणं मात्र यागीलाच जमतं. तिथे डायपोल हरतो, आणि स्पर्धांमध्ये उतरणाऱ्याने यागीच घ्यावा.

शहरात आणखी एक गोष्ट. एलईडी दिवे, चार्जर, सौर इन्व्हर्टर यांच्या खरखरीत कमजोर सिग्नल बुडून जातो, आणि ही खरखर यागीच्या लाभानेही वाढू शकते. शेजारच्या गल्लीतली खरखर जवळपास क्षितिजालगत येते, आणि डायपोलचं टोक सर्वांत बहिरं असतं तेही क्षितिजालगतच. टोक तिकडे वळवून पाहावं. उपद्रव आपल्याच इमारतीत असेल तर मात्र अँटेना कितीही फिरवून उपयोग नाही, आधी तो चार्जर शोधा.

अर्थात हा बहिरेपणा आपोआप मिळत नाही. दांडा जमिनीपासून पाव तरंगलांबीवर असेल तर बहुतेक शक्ती वर जाते आणि फिरवलं काय, न फिरवलं काय, सारखंच. वीस मीटर बँडला निदान 10 मीटर उंची हवी. दुसरी अट जोडणीतली. केबल दांड्याला थेट जोडली तर तिच्या बाहेरच्या आवरणावरूनही प्रवाह वाहू लागतो, केबलच अँटेना बनते आणि टोकांकडची शांतता भरून काढते. म्हणून जोडाशी हा प्रवाह अडवणारा चोक बालन हवाच. फेराइटच्या कड्यावर कोॲक्सचे काही वेढे घेतले तरी काम भागतं. दांड्यासाठी एकात एक सरकणाऱ्या ॲल्युमिनियमच्या नळ्या, मध्याला जाड आणि टोकाला बारीक, म्हणजे झोल कमी पडतो. सांध्यांवर स्टेनलेस स्टीलच्या क्लिपा. तांब्याची तार ॲल्युमिनियमवर थेट आवळू नका, मधे स्टेनलेसचा वॉशर घाला. नाहीतर आपल्या पावसात, त्यातून कोकणच्या खाऱ्या हवेत, तो सांधा लवकर खराब होतो.

दूरदर्शनच्या काळात पुण्यातल्या गच्च्यांवरचे अँटेने सिंहगडाकडे तोंड करून असत. तिथला मनोरा एकच, जागचा न हलणारा, म्हणून एकदा दिशा जुळली की काम संपलं. हॅमच्या समोरचं स्टेशन कधी ओसाकाला असतं, कधी मँचेस्टरला, आणि कुठली वाट उघडी आहे हे लहरी परतवणारं आयनांबर तासातासाला बदलतं. तरी यासाठी महागडा रोटेटर लागतो असं नाही. दोन्ही बाजू सारख्या असल्याने अर्धा फेरा पुरतो, केबल पिळली जात नाही, आणि आपल्याकडून ठेवणी मुख्यतः दोनच. मास्टच्या बुडाशी आडवी दांडी लावून हाताने फिरवता येतं. रोटेटरसाठी बाजूला काढलेले पैसे आधी मास्टच्या उंचीवर आणि चांगल्या चोकवर खर्च करा.