उठायचा राहिलेला तळ

आमच्या घरी 'लष्करची आत्या' हे नाव मी इतक्या लहानपणापासून ऐकले, की आत्या फौजेत असावी अशी माझी बरेच दिवस समजूत होती. दोन-तीन वर्षांतून एकदा ती पुण्याला यायची. येताना गजकाचे डबे आणायची आणि आल्या आल्या, "काय करून राहिलास रे?" म्हणून माझा गालगुच्चा घ्यायची. त्या 'करून राहिलास'ला आम्ही पोरे पोट धरधरून हसत असू. तीही हसायची. ते आता आठवले की मला थोडी शरम वाटते.

लष्कर म्हणजे ग्वाल्हेरचे लष्कर. किल्ल्याच्या पायथ्याशी जुने ग्वाल्हेर, पूर्वेला मुरार आणि दक्षिणेला हे लष्कर. तिन्ही मिळून आता एकच शहर झाले आहे. पण ज्या गावाचे नावच मुळी 'फौज', असे गाव दुसरे माझ्या पाहण्यात नाही.

चार वर्षांपूर्वी आतोबा गेले. मुलगा परदेशात. वाड्याचे वाटेकरी विकायला उतावीळ झालेले. पुण्यात आम्ही चार शहाणी माणसे जमलो आणि आत्याला आता 'घरी' आणायचे असे ठरवून मोकळे झालो. तिला विचारावे, हे कोणालाच सुचले नाही. मी निघालो तेव्हा परतीची दोन तिकिटे माझ्या खिशात होती.

गाडीत वाचायला टॉमस ब्रॉटन याचे पुस्तक घेतले होते. इंग्रज रेसिडेंटच्या रक्षक तुकडीचा हा अधिकारी १८०९ साली दौलतराव शिंद्यांच्या छावणीबरोबर राजस्थानात हिंडत होता. त्याची पत्रे १८१३ मध्ये छापून निघाली. शिंद्यांची राजधानी म्हणायला उज्जैन. पण दरबार असायचा तो तंबूत. कूच झाले की बिनीवाला पुढे जाई आणि नव्या जागी एक लहानसे पांढरे निशाण रोवी. तिथे महाराजांची देवडी. मग बाजारांची निशाणे लागत. ज्याची जागा कालच्या मुक्कामात जिथे, तिथेच ती आजही. दुकानांच्या दोन रांगा पडत आणि त्यांच्यामधून छावणीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच रस्ता जाई, कधी कधी तीन-चार मैल लांबीचा. त्याच्या उजव्या-डाव्या अंगाला सरदार उतरत. असे ते गाव उचलायचे आणि पुढच्या मुक्कामी पुन्हा मांडायचे.

१८१०च्या सुमारास ते ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली मांडले, आणि नंतर उचललेच नाही. १८०३च्या युद्धात दिल्ली-आग्रा हातचे गेले होते. १८०५च्या तहाने ग्वाल्हेरचा किल्ला परत मिळाला, पण चंबळ नदी ही कंपनीची सरहद्द ठरली. महादजींच्या काळात जी फौज चंबळ ओलांडून दिल्लीची व्यवस्था लावत होती, तिला आता अलीकडे बसून पलीकडे पाहत राहायचे होते. पुढे जायला वाट नाही, आणि मागे फिरावे तर पाठीमागे हद्द उघडी. अशा जागी पडलेला तळ उठणार कसा?

दुसऱ्या दिवशी आत्याने मला बाजारात नेले. गुडघे दुखत होते, तरी चालतच. मी पाट्या वाचू लागलो. चिटनीस की गोठ. निंबाळकर की गोठ. शिंदे की छावनी.

"आत्या, गोठ म्हणजे काय ग?"

"अरे, गोट तो! सरदाराचा मुक्काम. एवढं पुण्यात शिकवत नाहीत का?"

आमच्याकडे गोट उरला आहे तो वर्तमानपत्रात, आणि तोही विरोधकांचा. इथे माणसे गोटात राहतात, गोटात दूध घेतात, रिक्षावाल्याला गोटाचा पत्ता सांगतात. 'कंपू' ही कवायती पलटणींची जागा. 'जिन्सी' ही तोफखान्याच्या सरंजामाची. महाराजबाडा म्हणजे वाडाच, हिंदी जिभेवर 'व'चा 'ब' झालेला. तिथे गोरखीचा जुना राजवाडा आहे आणि जवळूनच सराफ्याचा रस्ता निघतो. त्या रस्त्याच्या तोंडाशी उभा राहिलो, तेव्हा ब्रॉटनची देवडी आणि दोन रांगांचा बाजार मला समोर दिसू लागला. कनातींच्या जागी दगडी सज्जे आले, एवढेच.

या तळाने काय थोडे पाहिले? १८४३च्या डिसेंबरात महाराजपूर आणि पनिहारला शिंद्यांची फौज हरली आणि इंग्रजी हुकमतीखालची छावणी मुरारला येऊन बसली. १८५८च्या जूनमध्ये राणी लक्ष्मीबाई इथेच धारातीर्थी पडल्या. हद्दूखाँ-हस्सूखाँची गायकी इथली. हस्सूखाँचे शिष्य वासुदेवबुवा जोशी यांच्याकडे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर इथे येऊन शिकले, आणि ते गाणे त्यांनी महाराष्ट्रात आणले. म्हणजे ज्या गाण्याला आम्ही मिरज-पुण्यात बसून 'आपले' म्हणतो, ते या तळावरून आलेले. आणि आम्ही आत्याच्या मराठीला हसत होतो!

रात्री मी तिकिटांचा विषय काढला. आत्या काही बोलली नाही. माळ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "ती पत्र्याची पेटी काढ बघू."

ही पेटी मला ऐकून ठाऊक होती. तिच्या सासरी पिढ्यान्‌पिढ्या म्हणत, 'पुढच्या वर्षी देशावर जायचे.' त्या जाण्यासाठी सासूबाईंनी पेटी भरून, दोरीने बांधून ठेवली होती. आत एखादी मोडीतली सनद असेल, नाहीतर पैठणी, अशा अपेक्षेने मी कडी काढली. निघाल्या चार रजया.

"पहिलं बाळंतपण झालं त्या हिवाळ्यातली गोष्ट," आत्या म्हणाली. "इथली थंडी तुला माहीत नाही. पोराला पांघरूण पुरेना. सासूबाई नको नको म्हणत होत्या, तरी मी दोरी कापली. देशावर न्यायची लुगडी होती, त्यांच्या रजया भरल्या. आठ दिवस बोलल्या नाहीत माझ्याशी. नवव्या दिवशी म्हणाल्या, एक मलाही दे."

त्या रात्री मी त्यांतलीच एक रजई पांघरून झोपलो. सकाळी स्टेशनवर जाऊन एक तिकीट परत केले. पुण्यातल्या मंडळींनी पुष्कळ नावे ठेवली, पण वाटेकऱ्यांशी बोलून वाड्यातल्या दोन खोल्या तिच्याकडे राहतील एवढे आम्ही केले. ती अजून तिथेच आहे.

परवा तिचा फोन आला होता. "काय करून राहिलास रे?"

"लिहून राहिलो आहे, आत्या," मी म्हणालो.